सर्व भोके कायम

कंपनीचा नवीन लॅपटॉप जुन्यापेक्षा पातळ असावा, असा निर्णय वरच्या मजल्यावर झाला आणि त्याचे परिपत्रक खालच्या मजल्यावर आले. पातळ का असावा याचे कारणही परिपत्रकात दिले होते: समोरच्या कंपनीचा पातळ आहे. पातळ करायचा तर लॅपटॉपच्या कडेला असलेल्या संयोगद्वारांपैकी काही कमी करणे क्रमप्राप्त असून, कोणती कमी करावीत हे संयोगद्वार विभागाने एकमताने ठरवून कळवावे, असे शेवटी म्हटले होते. संयोगद्वार म्हणजे ज्याला दुकानात पोर्ट म्हणतात आणि घरात भोक. 'एकमताने' या शब्दाखाली जाड रेघ ओढलेली होती.

हे परिपत्रक वाचून जे सगळ्यात आधी धास्तावले ते गृहस्थ हेडफोनच्या गोल भोकाचे पालक अधिकारी होते. ऑफिसात त्यांना सगळे कानवाले म्हणत. खोलीच्या दारावर पाटी होती, पाटीवर पदनाम होते आणि पदनामाच्या खाली गोल भोकाचे छोटेसे चित्र होते. कानवाले रोज आत जाताना त्या चित्रावरची धूळ रुमालाने पुसत.

पालक अधिकारी हे पद कसे आले तेही सांगायला हवे. पूर्वी एका मॉडेलच्या डाव्या बाजूला एक भोक नुसतेच राहून गेले होते. आत काहीच नव्हते. नकाशात ते कोणी काढले आणि साच्यात कोणी पाडले हे शेवटपर्यंत कळले नाही. गिऱ्हाइके त्यात वायरी खुपसत राहिली, चालत नाही म्हटल्यावर वायरच खराब असेल असे समजून नव्या वायरी घेत राहिली, आणि कुणीही तक्रार केली नाही. कंपनीला ते भोक सापडले तेव्हा ते मॉडेल बाजारातून बंदही झाले होते. मग चौकशी समिती बसली, ती बराच काळ बसूनच राहिली, आणि उठताना तिने एक नियम करून दिला. ज्या घटकाला पालक आहे, तो घटक पालकाच्या लेखी संमतीशिवाय काढू नये. ज्या घटकाला पालक नाही, तो ठेवण्याचे काही कारण नाही. नियम चांगला होता. सगळे नियम चांगलेच असतात, त्यांची गाठ माणसांशी पडेपर्यंत.

भोक गेले की पालक 'समायोजित' होत असे. समायोजित होणे म्हणजे तळघरातल्या तक्रार कक्षात कानाला फोन लावून बसणे आणि दिवसभर लोकांना "बंद करून पुन्हा चालू करून बघितलंत का?" असे विचारणे. तिथे सध्या तबकडीवाले बसत. एके काळी लॅपटॉपमध्ये सीडीचा खण असायचा आणि त्या खणाचे पालक म्हणून तबकडीवाल्यांचा रुबाब एखाद्या संस्थानिकाचा होता. त्यांच्या खोलीत सोफा होता. खण गेला, सोफा गेला, आणि आता लिफ्ट तळघरापाशी थांबली की दार उघडण्याआधीच त्यांचा थकलेला आवाज ऐकू यायचा. कानवाले शक्यतो जिन्याने जात.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर कानवाल्यांचा चेहरा पाहून त्यांच्या बायकोने ओळखले.

"काय झालं? कुणी काही बोललं का?"

"भोकं कमी करणार आहेत."

"तुमचं?"

"अजून ठरलं नाही. पण सगळ्यात लहान माझंच आहे."

बायकोने त्यांच्या हातातला डबा घेतला. मग म्हणाली, "नोकरी भोकावर आहे हे लग्नाआधी सांगायला हवं होतं."

खिडकीजवळ सासूबाई बसल्या होत्या. सासूबाई उतारवयात गाणे शिकत होत्या. त्यांच्या गुरू दुसऱ्या गावी असत आणि शिकवणी लॅपटॉपवर चाले. तो लॅपटॉप म्हातारा झाला होता. त्याची बिजागरी ढिली पडली होती आणि पडदा मागे पडू नये म्हणून सासूबाई त्याला तांदळाच्या डब्याचा टेकू देत. हेडफोन मात्र तारेचाच हवा असा त्यांचा हट्ट होता. बिनतारी त्यांनी वापरून पाहिला होता. "ती बोंडं कानातून पडतात आणि कोचाखाली जातात," त्या म्हणत, "मग गाणं कोच शिकतो."

त्यांनी एका कानावरचा हेडफोन बाजूला केला. "जावईबापू, नवीन मॉडेल आलं की पहिला मला देणार होतात ना?"

"हो आई."

"त्याला गोल भोक असेल ना?"

कानवाले खाली वाकून बूट काढू लागले.

"नसेल तर मला नको. आणि तुम्ही त्या कंपनीत करता तरी काय मग?" असे म्हणून सासूबाई पुन्हा गाण्यात शिरल्या. प्रश्न साधा होता, पण कानवाल्यांना त्या रात्री जेवण गेले नाही. एका भोकात आपली नोकरीही आहे आणि सासूबाईंसमोरची अब्रूही आहे, हे त्यांना प्रथमच इतके स्वच्छ दिसले.

पहिली बैठक मोठ्या साहेबांच्या अध्यक्षतेखाली झाली. मोठे साहेब विभागाचे प्रमुख होते. विचार करताना ते डोळे मिटत, आणि एरवीही मिटत.

"त्यागाची भावना ठेवा," ते म्हणाले. "कंपनी हे कुटुंब आहे. कुटुंबात कुणीतरी एक घास कमी खातो. बोला, कोण कमी खातो?"

सर्वांनी त्यागाचे महत्त्व मान्य केले. प्रत्येकाने शेजाऱ्याकडे आदराने पाहिले.

विभागातले सगळ्यात ज्येष्ठ अधिकारी म्हणजे जाळेवाले. इंटरनेटची जाडी वायर जिथे लागते त्या रुंद भोकाचे ते पालक. ते उठले आणि घसा साफ करून म्हणाले, "माझं भोक सगळ्यात जाड आहे हे मी मान्य करतो. पण ते आहे म्हणून लॅपटॉपला जाडी आहे. जाडी आहे म्हणून तो पडला तरी तुटत नाही. म्हणजे आज आपले लॅपटॉप जे टिकलेत, ते माझ्या भोकामुळे टिकलेत. माझं काढायचं असेल तर जरूर काढा. मग जे तुटतील त्याची जबाबदारी कुणी घ्यायची तेवढं लिहून द्या."

लिहून द्यायचे म्हटल्यावर सगळे खाली बघू लागले.

पुढे पडदेवाल्या बाई बोलल्या. लॅपटॉप मोठ्या पडद्याला किंवा टीव्हीला जोडायचे भोक त्यांच्याकडे होते. "आत्ता या भिंतीवर तक्ता दिसतोय तो कशामुळे?" त्यांनी विचारले. भिंतीवर तक्ता दिसत नव्हता. एक माणूस स्टुलावर चढून मघापासून वायर हलवत होता. बाईंनी त्याच्याकडे पाहिले आणि त्या म्हणाल्या, "दिसेल तेव्हा माझ्या भोकामुळेच दिसेल."

मग विभागात नुकतीच आलेली मुलगी उभी राहिली. तिच्याकडे ते नवे, लहानसे, लांबट गोल भोक होते, म्हणून तिला लंबगोलवाली म्हणत. वयाने सगळ्यांत लहान असल्यामुळे तिला अजून विषयाला धरून बोलायची सवय होती.

"सर, खरं सांगू का? माझ्या एकटीच्या भोकातून चार्जिंग होतं, पडदा चालतो, इंटरनेट चालतं, आवाजही जातो. बाकीची सगळी काढली तरी अडणार नाही."

स्टुलावरचा माणूससुद्धा वायर हलवायचा थांबला. जाळेवाले शेजारच्याच्या कानात पुटपुटले, "बघा, कानामागून आली आणि तिखट झाली." कानवाल्यांना तर आपण बसलो आहोत ती खुर्चीच जिना उतरायला लागल्याचा भास झाला.

मोठ्या साहेबांनी डोळे मिटले. एक भोक सगळे करते हे त्यांना पटले होते, आणि पटले म्हणूनच त्यांना घाम फुटला. एक भोक पुरत असेल तर एक अधिकारी पुरेल. एकच अधिकारी असेल तर त्याच्यावर प्रमुख कशाला हवा? त्यांनी डोळे उघडले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर पितृप्रेम होते.

"हुशार मुलगी आहे," ते म्हणाले. "अशा भोकाला प्रोत्साहन दिलं पाहिजे. एक डावीकडे आहे ना? उजवीकडेही एक द्या. हिला उपप्रमुख करा. हाताखाली एक सहायक द्या. खिडकीची खोली कुणाकडे आहे?"

त्यानंतरच्या आठवड्यात लंबगोलवालीने विभागाला एक सविस्तर टिपण पाठवले. डाव्या बाजूने लॅपटॉपमध्ये शिरणारी वीज आणि उजव्या बाजूने शिरणारी वीज यांच्या स्वभावात फरक असतो, असा त्याचा सारांश होता. बाकीची भोके काढण्याबद्दल त्यात काही नव्हते. खिडकीतून तिला आता बाग दिसत असे.

अशा रीतीने भोके कमी करण्यासाठी भरलेल्या बैठकीतून एक भोक वाढले. नकाशे काढणाऱ्या गृहस्थाला लोक नकाशावाले म्हणत. त्यांनी सांगितले की डावी कड भरली, उजवीही भरली, आता पुढे मनगट टेकते तिथे जागा आहे, पण तिथे भोक पाडले तर माणसाच्या बाहीचे बटण त्यात अडकेल. मोठे साहेब म्हणाले, "बटणाचा प्रश्न कपड्यांच्या कंपनीचा आहे."

पण वरच्या मजल्याने पुन्हा विचारणा केली. पातळ कधी होणार? तेव्हा ग्राहकांना विचारायचे ठरले. निर्णय घ्यायचा नसला की ग्राहकाला विचारायची पद्धत सगळीकडे आहे, आणि ग्राहकाला कुणी काही विचारले की तो इतका खूश होतो की आपल्याला काय विचारले तेही विसरतो.

एका खोलीत काही ग्राहक बोलावले. चहा दिला, बिस्किटे दिली, समोर लॅपटॉप ठेवला. प्रश्न विचारायला कानवाल्यांना पाठवले, कारण बाकी सगळ्यांना कामे होती.

पहिले गृहस्थ नुकतेच निवृत्त झालेले होते. कानवाल्यांनी जाळ्याच्या रुंद भोकावर बोट ठेवले.

"यात कधी वायर घातलीत?"

"कधीच नाही. आमच्याकडे सगळं बिनतारी आहे."

"मग हे काढलं तर चालेल?"

"काढताय कशाला? असू दे की. लागेल कधीतरी."

शेजारी दातांच्या डॉक्टर बसल्या होत्या. त्यांना कॅमेऱ्याच्या कार्डाचे भोक दाखवले.

"माझ्याकडे कॅमेराच नाही," त्या म्हणाल्या.

"मग हे नको ना?"

"अहो, पण उद्या घेतला तर?"

"घेणार आहात?"

"छे. पण भोक गेल्यावर वाटलं घ्यावा, तर काय करू?"

एक शाळामास्तर तोवर बिस्किटांची बशी संपवून मोकळे झाले होते. त्यांनी विचारले, "भोकं काढल्यावर किंमत कमी होणार का?"

"नाही. उलट थोडी वाढेल. पातळ करायला खर्च येतो."

"म्हणजे जास्त पैसे देऊन आम्ही कमी भोकं घ्यायची? कुणी सांगितलंय?"

हा प्रश्न कानवाल्यांनी आनंदाने जसाच्या तसा टिपून घेतला. अहवालात त्यांनी लिहिले, 'ग्राहक सर्व संयोगद्वारांबाबत भावनिकदृष्ट्या गुंतलेला आढळला.' पडद्याबद्दल, कीबोर्डबद्दल किंवा बॅटरीबद्दल ग्राहकांना काही विचारले नाही. तो विषय विभागाच्या कक्षेत येत नव्हता.

दुसऱ्या बैठकीच्या दिवशी जिन्याला रंग देण्याचे काम चालू होते, त्यामुळे कानवाल्यांना लिफ्टने यावे लागले. लिफ्ट आधी खाली गेली. दार उघडले आणि तळघरातून आवाज आला. "बंद करून पुन्हा चालू करून बघितलंत का? बघा की एकदा. माझ्यासाठी बघा." कानवाल्यांनी दार मिटायचे बटण इतक्या वेळा दाबले की लिफ्ट गोंधळून जरा वेळ तिथेच उभी राहिली.

बैठकीत मोठे साहेब थेट मुद्द्यावर आले, आणि त्यावरूनच प्रकरण गंभीर असल्याचे सगळ्यांनी ओळखले.

"वरचे लोक चिडलेत. आज काहीतरी काढावंच लागेल. मी विचार केला. सगळ्यात लहान भोक काढू. लहान भोक, लहान तक्रार. कुणाची हरकत?"

कुणाचीच नव्हती. जाळेवाल्यांनी कानवाल्यांच्या खांद्यावर हात ठेवला. पडदेवाल्या बाई हळूच म्हणाल्या, "तळघरात उन्हाळ्यात गार असतं हो." संमतीचा कागद तयारच होता. तो टेबलावरून सरकत सरकत कानवाल्यांच्या पुढ्यात आला आणि त्याच्यावर कुणीतरी पेनही ठेवले.

कानवाल्यांची पाचावर धारण बसली. आपला हात पेनाकडे जातो आहे हे त्यांना दिसत होते. टेबलाच्या मधोमध लॅपटॉपचा नमुना उघडा ठेवलेला होता. सगळ्या बैठकांत तो तिथेच असे, पण त्याच्याकडे कुणी पाहत नसे, कारण प्रत्येक जण आपल्या भोकाकडे पाहत असे. कानवाल्यांनी त्या दिवशी प्रथमच तो पूर्ण पाहिला. त्यात त्यांचे गोल भोक केवढेसे होते. तिळाएवढे. आणि त्याच्यावर हे एवढे मोठे, लांबरुंद, बिजागरीसकट झाकण उभे होते.

"साहेब," कानवाले म्हणाले, आणि आपला आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला, "या पडद्याचा पालक कोण?"

"पडदेवाल्या बाई."

"माझ्याकडे भोक आहे," बाई म्हणाल्या. "पडदा नाही."

मोठ्या साहेबांनी सगळ्यांकडे पाहिले. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिले. पडदा हे संयोगद्वार नव्हते. त्यामुळे त्याला पालक नेमायचे कधी कुणाच्या मनातही आले नव्हते. इतकी वर्षे तो बिचारा नियमबाह्यच उभा होता.

"ज्या घटकाला पालक नाही, तो ठेवण्याचे काही कारण नाही," कानवाल्यांनी नियम म्हणून दाखवला.

"अहो पण," नकाशावाले म्हणाले, "पडदा काढला तर दिसणार कसं?"

"माझ्या भोकाला लावायचा की," पडदेवाल्या बाई ताठ झाल्या. "घरोघरी टीव्ही आहेत. इतकी वर्षं लॅपटॉपला स्वतःचा पडदा आहे म्हणून तर माझं भोक कुणी वापरत नाही. अन्याय झालाय माझ्यावर."

आता लंबगोलवालीही पुढे सरकली. "कीबोर्डलाही पालक नाहीये ना? तो माझ्या डाव्या भोकाला लागेल. बॅटरी उजव्या भोकाला बाहेरून लावता येईल. उजवी वीज त्यासाठीच चांगली असते."

"आणि स्पीकर?" कुणीतरी विचारले.

"आवाजाचं मी बघतो," कानवाले म्हणाले. संमतीचा कागद त्यांनी एव्हाना खिशात घातला होता.

मग एकेक वस्तू निघत गेली. पडदा गेला म्हणून बिजागरी गेली. कीबोर्ड गेला म्हणून मनगट टेकायची जागा गेली आणि बटणाचा प्रश्नही सुटला. बॅटरी गेल्यावर आतल्या पंख्याची गरज पडली असती की नाही यावर नकाशावाले काही बोलणार होते, पण पंख्यालाही पालक नव्हता आणि नकाशावाल्यांनाही. आतली सर्किटची पाटी तेवढी ठेवली, कारण भोकामागे काहीतरी असावे अशी त्या जुन्या चौकशी समितीची शिफारस होती.

"मग शेवटी उरलं काय?" नकाशावाल्यांनी विचारले.

"भोकं उरली," मोठे साहेब समाधानाने म्हणाले. "लिहा. सर्व भोके कायम. एकमताने."

"सुंठेवाचून खोकला गेला," जाळेवाले म्हणाले. संयोगद्वार विभागाच्या इतिहासात एकमत होण्याची ही पहिलीच वेळ होती. मोठ्या साहेबांनी उठून कानवाल्यांशी हस्तांदोलन केले. दुसऱ्या दिवशी त्यांना डोके टेकायची सोय असलेली खुर्ची आली.

त्या खुर्चीत बसल्यावर कानवाल्यांना पहिले काही दिवस टोचल्यासारखे व्हायचे. नवा लॅपटॉप सासूबाईंना द्यायचा होता, आणि मांडीवर घ्यायच्या या यंत्रात आता मांडीवर घेऊन बघण्यासारखे काहीच उरले नव्हते. पण खुर्ची चांगली होती. टोचणे हळूहळू कमी झाले.

नवे मॉडेल बाजारात आले ते एका चपट्या काळ्या पट्टीच्या रूपात. चारही बाजूंना भोकेच भोके. 'आता काहीही जोडा' असे खोक्यावर लिहिले होते. लॅपटॉप जगात सगळ्यात पातळ आहे असे कंपनीने जाहीर केले आणि समोरच्या कंपनीला ते खोडून काढता आले नाही, कारण त्यांच्या लॅपटॉपला अजून पडदा होता.

खप कसा आहे ते बघायला कानवाले एका दुकानात गेले आणि गिऱ्हाईक असल्यासारखे कोपऱ्यात उभे राहिले. एक गृहस्थ पट्टी हातात फिरवून बोटाने भोके मोजत होते. त्यांच्यासोबत बायको होती.

"समोरच्या कंपनीच्या लॅपटॉपला किती?" गृहस्थांनी विक्रेत्याला विचारले.

"भोकं दोनच. पण त्यांचा पडदा खूप छान आहे, साहेब. कीबोर्डही."

"पडदा काय करायचाय? पडदा आहे घरी."

"आणि हो," बायको म्हणाली, "उद्या काही जोडायची वेळ आली तर दोन भोकांत काय होतंय?"

"काय जोडणार आहात, मॅडम?"

"तसं काही नाही. पण आलीच वेळ तर?"

विक्रेता समजूतदार होता. त्याने पट्टी बांधून दिली. कानवाल्यांच्या डोळ्यांदेखत दुकानातला सगळा ढीग हातोहात संपला, आणि ज्यांना मिळाली नाही ते विक्रेत्याशी भांडू लागले. कानवाल्यांना भरून आले. आपण लोकांना फसवले अशी जी काही बारीकशी भावना मनात होती ती तिथेच धुऊन निघाली. लोक फसायला तयार असतात तेव्हा त्याला सेवा म्हणतात.

त्याच संध्याकाळी त्यांनी एक खोके घरी नेले. सासूबाईंनी चष्मा लावला, खोके उघडले आणि पट्टी उलटसुलट करून पाहिली.

"झाकण कुठाय?"

"झाकण नाही, आई. पडदा आपण जोडायचा."

"आणि अक्षरं?"

"तीही जोडायची. पण हे बघा," कानवाल्यांनी घाईघाईने बोट ठेवले, "गोल भोक. आहे ना?"

सासूबाईंनी भोक पाहिले. मग बाकीची पाहिली. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक वेगळेच तेज आले. त्या उठल्या आणि कपाटाचा सगळ्यात खालचा खण ओढून तसाच्या तसा बाहेर काढून खोलीच्या मध्यभागी आणला. खणात वायरी होत्या. काळ्या, पांढऱ्या, राखाडी. जुन्या फोनच्या, मेलेल्या प्रिंटरच्या, कुणाकुणाच्या राहून गेलेल्या. एकमेकींत अशा गुंतल्या होत्या की एक ओढली की सगळा गुंताच वर येत होता.

"वर्षानुवर्षं ही मला म्हणतेय, आई, टाक, आई, टाक," सासूबाईंनी लेकीकडे बोट दाखवले. "टाकल्या असत्या तर आज काय केलं असतं?"

त्या जमिनीवर फतकल मारून बसल्या आणि एकेक वायर सोडवून एकेका भोकात बसवू लागल्या. नीट बसली की "हं" म्हणत. जाळ्याची जाडी वायर बसली. पडद्याची बसली. तिचे दुसरे टोक मोकळेच लोंबत होते, पण त्याचे त्यांना काही वाटले नाही. पडदा आणि कीबोर्ड मात्र हवा होता, म्हणून त्यांनी खिडकीतला जुना लॅपटॉप आणून शेजारी ठेवला, त्याला पुन्हा तांदळाच्या डब्याचा टेकू दिला आणि दोघांमध्ये एक वायर लावली. मग हेडफोन कानावर चढवून त्या गुरूंबरोबर गुणगुणू लागल्या.

कानवाले कोचावर रेलून त्यांच्याकडे पाहत होते. सगळे नीट झाले होते. भोक वाचले, खुर्ची मिळाली, सासूबाई गात होत्या. इतक्यात बायको त्यांच्या शेजारी येऊन बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "अहो, ती हेडफोनची वायर बघा कुठे गेलीय."

कानवाल्यांनी वायरीवरून नजर फिरवत नेली. ती जुन्या लॅपटॉपच्या गोल भोकात गेली होती. नवी पट्टी चालूही नव्हती. तिला वीज द्यायची राहून गेली होती आणि तरीही कुणाचे काही अडलेले नव्हते.

"आईला सांगू?"

"नको," कानवाले म्हणाले. "समाधानी आहेत ना. राहू दे."

तेवढ्यात सासूबाईंनी खणाच्या तळातून शेवटची वायर काढली. काळी, आखूड, एका टोकाला विचित्र आकाराची पिन असलेली. त्यांनी ती पट्टीच्या एकेका भोकापाशी नेऊन पाहिली. कुठेच बसेना. त्यांचा चेहरा पडला.

"जावईबापू, हिचं भोक नाही यात."

"कशाची आहे ती?"

"काय माहीत."

"मग टाक ना ती एकदाची," बायको म्हणाली.

"टाकायची कशी? लागेल कधीतरी." सासूबाईंनी वायरीची नीट गुंडाळी केली आणि ती जावयाच्या हातात दिली. "तुमच्या कंपनीला सांगा. एवढी भोकं केलीत, तर एक आणखी जड का व्हावं?"

कानवाल्यांनी ती विचित्र पिन दिव्याकडे धरून निरखली. असली वायर आपल्या ऑफिसच्या खणातही आहे हे त्यांना आठवले. शेजाऱ्यांकडेही पाहिली होती. कशाची ते कुणालाच ठाऊक नव्हते आणि टाकली मात्र कुणीच नव्हती. दुसऱ्या दिवशी ते वायर घेऊन मोठ्या साहेबांपुढे उभे राहिले. मोठ्या साहेबांनी स्वतःच्या टेबलाचा खण उघडला. त्यातही तीच होती.

नव्या भोकाचा प्रस्ताव पुढच्याच बैठकीत मंजूर झाला. नव्या भोकाला पालक हवा होता, तेव्हा कानवाल्यांनी तबकडीवाल्यांचे नाव सुचवले. मन मोठे करायला त्यांना आता परवडत होते. तबकडीवाले तळघरातून लिफ्टने वर आले तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते, आणि गेल्या आठवड्यात त्यांचा सोफाही परत आणला. भोकामागे काय जोडायचे ते अजून ठरलेले नाही. तूर्त ते नुसतेच राहील, पण या वेळी त्याला पालक आहे.

ही गोष्ट वाचून तुम्हाला त्या लोकांचे हसू आले असेल, तर हरकत नाही. हसून झाले की उठा आणि घरातला तो खण उघडा. कुठला ते तुम्हाला माहीत आहे. बॅटरीच्या सेलांखाली, जुन्या किल्ल्यांच्या मागे ती काळी, आखूड वायर असेल. ती कशाची आहे ते तुम्हाला सांगता येणार नाही आणि टाकवणारही नाही. तेव्हा ठेवा जपून. पुढच्या मॉडेलमध्ये तिचे भोक येत आहे, ग्राहकांच्या खास आग्रहास्तव.